भूल देण्याआधी घरची माहिती सांगा

निपाणीहून ऑपरेशनसाठी बेळगावला किंवा कोल्हापूरला जाताना आपण सगळे रिपोर्ट बरोबर घेतो. घराण्याची माहिती मात्र राहून जाते. भूलतज्ज्ञ म्हणून मी प्रत्येकाला विचारते, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? धावताना, जिना चढताना तुम्हाला कधी भोवळ आली का?

काहींच्या हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषामुळे जाड होतो. याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. त्यात हृदयातून रक्त बाहेर पडण्याची वाट अरुंद होऊ शकते. भुलेमुळे रक्तदाब उतरला किंवा ठोके वाढले, की ती आणखी आवळते. अशा वेळी हृदयाला जोर देणारं इंजेक्शन उलट घातक ठरतं. आधी कळलं, तर इको करून, सलाइन आणि औषधं बेतून आम्ही सांभाळून भूल देतो.

अशा आजाराशी संबंधित एक जनुकीय बदल दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत असल्याचं २००९ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवलं. तो असलेले सगळेच आजारी पडत नाहीत.

तरुण मंडळींनो, ‘काका अ‍ॅटॅकने गेले’ एवढ्यावर थांबू नका. कितव्या वर्षी, काय करताना, हे आजीला विचारून लिहून ठेवा. हृदयाच्या चालू गोळ्याही ऑपरेशनआधी मनाने बंद करू नका.