भोवरा नव्हे, खूर पाहा

ऑनलाइन खेळांत आभासी प्राणी पाळणाऱ्या मुलांना जोडी जुळवून दुर्मीळ रंगाचे पिल्लू मिळवण्याची चटक लागते. हा नुसता वेळेचा अपव्यय आहे, हा आक्षेप मला पटत नाही. आईबापांचे गुण पिल्लात कसे उतरतात, हे मूल त्यातून खेळता खेळता शिकते. खोट वेगळीच आहे: तिथे रंग म्हणजेच किंमत, आणि नको असलेले पिल्लू एका बोटाने पुसून टाकता येते.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे पैदाशीचा खरा हिशेब कळतो. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि बहुधा एकच शिंगरू देते. ते स्वारीजोगे व्हायला आणखी तीनेक वर्षे लागतात. तोवरचा चारा, खरारा, नालबंदी मालकाच्याच माथी. पण स्पष्टच सांगायला हवे, या बाजारातही खेळातलीच चूक होते. पांढऱ्याशुभ्र नुकरा घोड्याला भाव चढतो, कपाळावरच्या किंवा गळ्यावरच्या केसांच्या भोवऱ्यावरून जनावर शुभ-अशुभ ठरते. ही पिढ्यांची पारख आहे, असे जाणकार म्हणतील. चाल, कान, छाती पाहणारी त्यांची नजर खरोखर मोलाची आहे. पण भोवऱ्यावरून खुराची मजबुती कळत नाही. अशुभ ठरवलेले निरोगी शिंगरू मातीमोल विकले जाते, त्याला पुसून टाकण्याचे बटण नसते.

पालकांनो, यंदा मुलांना सारंगखेड्याला न्या. आणि घोडेवाल्यांनो, त्यांना आधी खूर उचलून दाखवा.