फ्रेशर कोणालाच नको!

आधीच सांगून टाकतो, आजचा विषय फुटबॉल आहे, पण मेस्सीवालं नव्हे. हे अमेरिकन फुटबॉल. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि नावात 'फूट' असलं तरी काम जास्त हाताचं. खेळाचे नियम माहीत नसतील तरी काही बिघडत नाही. मला बोलायचंय ते त्यातल्या भरतीबद्दल. आणि भरती म्हटल्यावर आपल्या आयटीवाल्यांना वेगळं काय समजवायचं? :-)

आधी थोडी पार्श्वभूमी. या खेळात युरोपातल्या क्लबांसारख्या अकादम्या नाहीत. एनएफएलमध्ये जायचं तर हायस्कूल संपून तीन वर्षं व्हावी लागतात, आणि ती तीन वर्षं काढायची जागा म्हणजे कॉलेज. हायस्कूलमध्ये खेळणारी पोरं सुमारे दहा लाख. सगळ्यात वरच्या पातळीची, म्हणजे एफबीएसची कॉलेजं १३०हून थोडी जास्त. म्हणजे सतरा वर्षांच्या पोराचं पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी एखादा कॉलेज कोच ठरवतो. फी, राहणं, जेवण सगळं स्कॉलरशिपमध्ये येत असल्यामुळे कित्येक घरांत प्रश्न नुसत्या खेळाचा नसतो, शिक्षणाचाही असतो.

मग कोच पोरं शोधतात कशी?

प्रत्येक सहायक कोचला एक इलाखा वाटून दिलेला असतो. कुणाकडे ह्यूस्टन, कुणाकडे अटलांटा, कुणाकडे मायामीचा परिसर. सेल्सवाल्यांना टेरिटरी असते ना, तसंच. तिथल्या हायस्कूल कोचांशी वर्षानुवर्षं ओळख ठेवायची, आणि "यंदा कोण आहे?" विचारत राहायचं. दुसरा मार्ग व्हिडिओचा. नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये २००६ साली 'हडल' नावाची कंपनी निघाली, आणि आज हायस्कूलच्या सामन्यांचं चित्रीकरण कोचला ऑफिसात बसून बघता येतं. पोरं आपले तीन-चार मिनिटांचे निवडक तुकडे जोडून पाठवतात. हा त्यांचा रेझ्युमे. आणि रेझ्युमेसारखाच तो, सगळं चांगलंच दाखवणारा. म्हणून शहाणा कोच नंतर पूर्ण सामना मागतो. बॉल दुसरीकडे असताना हा पोरगा काय करतो, टीम हरत असताना पळतो का, हे तिथेच कळतं.

मग मोजमाप. उंची, वजन, हातांची लांबी, ४० यार्ड पळायला लागलेला वेळ. उन्हाळ्यात कॉलेजांमध्ये कॅम्प होतात, तिथे हे सगळं कोचच्या डोळ्यांदेखत होतं. वसंत ऋतूत कोच शाळांमध्ये फिरतात. मुख्य कोचला मात्र २००८पासून त्या काळात फिरायला बंदी आहे. त्याच्यामागोमाग मार्कशीट. एनसीएएच्या नियमाप्रमाणे १६ ठरावीक विषय आणि त्यात किमान २.३ जीपीए लागतो. पोरगा कितीही जोरात पळत असला तरी इथे अडकला की संपलं.

याच्या जोडीला स्टार. रायव्हल्स, २४७स्पोर्ट्स अशा कंपन्या पोरांना दोन ते पाच स्टार देतात. 'हे सगळं थोतांड आहे' म्हणायचा मोह होतो, पण तसं नाही. बरीच वर्षं राष्ट्रीय विजेत्या टीमने भरती केलेल्या पोरांत निम्म्याहून जास्त चार-पाच स्टारवाली असायची. म्हणजे ढोबळमानाने ही पद्धत चालते. प्रश्न तिच्यातून गळणाऱ्यांचा आहे.

जॉश ॲलनचंच घ्या. कॅलिफोर्नियातलं फायरबॉ हे शेतीवर जगणारं छोटं गाव. हा तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा, हायस्कूलमध्ये काडीपैलवान, कॅम्पांना फिरण्यापेक्षा बास्केटबॉल आणि बेसबॉल खेळणारा. एकाही एफबीएस कॉलेजने त्याला स्कॉलरशिप देऊ केली नाही. तो रीडली नावाच्या ज्युनियर कॉलेजात गेला, तिथे उंची-वजन वाढलं, आणि मग त्याने देशभरच्या कोचांना ईमेल पाठवायचा सपाटा लावला. शेवटी वायोमिंगने घेतलं. २०१८च्या ड्राफ्टमध्ये सातवा नंबर, आणि २०२४च्या मोसमात एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू! यात कुणा कोचने दुष्टपणा केला असं मला वाटत नाही. जिथे नेहमी बघतात तिथेच ते बघत होते, इतकंच.

पण ॲलनला उशिरा का होईना, दार सापडलं. माझी खरी तक्रार आता सुरू होते, कारण ती दारंच अरुंद होत चालली आहेत.

पूर्वी एफबीएसचं एक कॉलेज सोडून दुसऱ्यात गेलं की सहसा एक वर्ष बसून काढावं लागायचं. २०१८ साली 'ट्रान्सफर पोर्टल' आलं, २०२१मध्ये एकदा विनाअट बदलायची मुभा मिळाली, आणि २०२४पासून कितीही वेळा. २०२१च्याच जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसेही कमावता येऊ लागले. २०२५मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार कॉलेजं आता थेट खेळाडूंना वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळे खेळ मिळून साधारण दोन कोटी डॉलर. त्याच तडजोडीत फुटबॉल टीमसाठी १०५ खेळाडूंची कमाल संख्या आली.

आता कोचच्या जागी बसून बघा. एका बाजूला सतरा वर्षांचा पोरगा, ज्याला तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागणार, आणि तयार झाल्यावर तो दुसरीकडे जाणार नाही याची खात्री नाही. दुसऱ्या बाजूला एकवीस वर्षांचा गडी, ज्याचे कॉलेज पातळीवरचे वीस-पंचवीस सामने व्हिडिओवर आहेत. मुख्य कोचची नोकरी पुढच्या मोसमापर्यंत टिकेल का तेही माहीत नाही. कुणाला घ्याल? मीही लॅटरलच घेईन!

आणि हे चालतंही. इंडियाना २०२३ साली ३ सामने जिंकून ९ हरली. कर्ट सिग्नेटी आले, आपल्या जुन्या जेम्स मॅडिसन कॉलेजातले तेरा खेळाडू घेऊन आले, आणि २०२४मध्ये टीमने ११ सामने जिंकले. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोझा आला आणि त्याने हाइझमन ट्रॉफी मिळवली. हा मेंडोझा हायस्कूलमधून येलला जायला निघाला होता, इतकी कमी मागणी होती त्याला. म्हणजे स्टारने हुकवलेला माणूस पोर्टलने शोधला. हे उत्तमच झालं.

पण आधी कॅलिफोर्नियाने त्याला फ्रेशर म्हणून घेतलं, शिकवलं, खेळवलं, म्हणून तो इंडियानाला दिसला. जेम्स मॅडिसनने तेरा जण घडवले, तेव्हा ते न्यायला मिळाले. आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिराती आठवा. सगळ्यांना दोन वर्षांचा अनुभव हवा असतो, आणि तो दुसऱ्या कुणीतरी दिलेला असावा अशी अपेक्षा असते. सगळेच असं म्हणाले तर पहिली दोन वर्षं देणार कोण?

यात पहिला बळी जातो तो 'वॉक-ऑन'चा, म्हणजे स्कॉलरशिपविना, स्वतःच्या खर्चाने टीममध्ये येणाऱ्याचा. स्कॉलरशिप ८५ असायच्या तेव्हा असे खेळाडू धरून कित्येक टीम १०५च्या पुढे जायच्या. जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनची स्कॉलरशिप सोडून विस्कॉन्सिनमध्ये असाच वॉक-ऑन म्हणून आला, मधल्या काळात पिझ्झा पोचवत होता. पुढे तीनदा एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू. आज त्याला १०५मध्ये जागा मिळाली असती? कदाचित. पण त्याच्या मागे उभे असलेले, ज्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत, त्यांना नाही.

यावर नेहमीचं उत्तर असं की खेळाडूंना सोडून जायची मुभा दिली हीच चूक, आजकालच्या पोरांना निष्ठाच नाही. हे मला अजिबात पटत नाही. निष्ठेची भाषा कोचांनी तरी बोलू नये. ३० नोव्हेंबर २०२५ला लेन किफिन ओल मिस सोडून एलएसयूला गेले. टीम प्लेऑफच्या तोंडावर होती, आणि हायस्कूलच्या पोरांचा सही करायचा दिवस तीन दिवसांवर. त्यांच्या शब्दावर ज्यांनी होकार दिला होता त्यांनी काय करायचं? सही होईपर्यंत 'ऑफर' या शब्दाला कागदोपत्री किंमत नसते. कोच पोराच्या स्वयंपाकघरात बसून आईला शब्द देतो, आणि जागा भरली की फोन उचलत नाही. कोचला मोकळीक असेल तर खेळाडूलाही असायलाच हवी.

तेव्हा खेळाडूच्या पायात बेडी न घालता काय करता येईल? उत्तर मेस्सीवाल्या फुटबॉलमध्ये आहे :-) फिफाच्या २००१पासूनच्या नियमांत अशी सोय आहे की खेळाडू करार संपण्याआधी पैसे मोजून दुसरीकडे गेला की त्या रकमेतले ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३पर्यंत घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. खेळाडूच्या खिशाला हात लावायचा नाही, नेणाऱ्याने द्यायचं. मोठ्या कॉलेजाने पोर्टलमधून खेळाडू उचलला तर त्याला घडवणाऱ्या छोट्या कॉलेजाला असाच वाटा द्यावा. म्हणजे फ्रेशर घेणं हा तोट्याचा धंदा राहणार नाही. दुसरं, लेखी ऑफर. तारीख आणि मुदत घालून, आपल्या ऑफर लेटरसारखी. आपल्याकडेही ऑफर लेटर पुढे ढकलली जातात हे मान्य, पण निदान दाखवायला कागद तरी असतो.

पैसा वाढला, नियम सैल झाले, कोर्टाने न्याय केला, सगळं चांगलंच झालं. फक्त हे सगळं जे आधीच आत आहेत त्यांच्यासाठी झालं. जो सतरा वर्षांचा पोरगा अजून बाहेर उभा आहे, त्याच्या वतीने त्या कोर्टात कुणीच नव्हतं.