बैल गेला, झोपा मात्र अजून नाही



नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की मोबाईलवर मेणबत्त्यांची चित्रं यायला लागतात. २६/११ च्या हुतात्म्यांना अभिवादन, शौर्याला सलाम वगैरे. अभिवादनाला माझी हरकत नाही. त्या माणसांपुढे मान लवलीच पाहिजे. पण सलाम करून झाल्यावर पुढे काय, हे कुणीच विचारत नाही. म्हणून आज जरा वाकडं लिहितोय. रागावू नका.

मला बोलायचंय ते ताजबद्दल नाही, कामा हॉस्पिटलबद्दल. ताजचे फोटो सगळ्यांच्या डोळ्यापुढे आहेत, कामा मात्र विसरलं जातं. हे बायका-मुलांचं सरकारी रुग्णालय, १८८६ सालचं. २००८ च्या त्या रात्री सीएसटीवर माणसं मारून कसाब आणि अबू इस्माईल मागच्या गल्लीतून कामात शिरले. बबन उघडे आणि भानू नारकर हे दोन रखवालदार तिथे मारले गेले. वरच्या मजल्यावर सदानंद दाते यांच्या तुकडीशी चकमक झाली. त्यात उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर गेले, दाते जखमी झाले. करकरे, कामटे, साळसकर पडले ते याच रुग्णालयाच्या बाजूच्या गल्लीत.

या सगळ्या गदारोळात प्रसूतीपूर्व वॉर्डात अंजली कुलथे नावाच्या सिस्टर रात्रपाळीला होत्या. वॉर्डात २० गरोदर बायका. हल्लेखोर आत शिरलेत हे कळताच त्यांनी वॉर्डाची जड दारं लावून घेतली आणि सगळ्या बायकांना मजल्याच्या टोकाला असलेल्या छोट्या पँट्रीत नेऊन बसवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर भिंतीच्या कडेकडेनं तिला लेबर रूममध्ये नेलं. ती सुखरूप बाळंत झाली. वीसच्या वीस वाचल्या. पुढे सिस्टरांनी कसाबला ओळखलं, कोर्टात साक्ष दिली आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही ही हकीकत सांगितली.

आता मास्तरकीच्या सवयीनं एक प्रश्न विचारतो. त्या २० बायका कशामुळे वाचल्या?

"शौर्यामुळे" असं उत्तर आलं तर मी अर्धेच गुण देईन. पूर्ण उत्तर असं: दार होतं. ते आतून लागत होतं. आणि बायकांना कुठे न्यायचं हे एका बाईला ऐन वेळी सुचलं. पहिल्या दोन गोष्टी इमारतीच्या आहेत. तिसरी सरावानं आणता येते, त्या रात्री मात्र ती सिस्टरांच्या हुशारीनं आली. दार मोडकं असतं तर? ड्यूटीवर बावरून जाणारं कुणी असतं तर? आज आपण कोणत्या शौर्याला सलाम केला असता?

म्हणूनच मला या नुसत्या कौतुकाची चीड येते. कौतुक स्वस्त पडतं हो! नर्सला शाल-श्रीफळ दिलं की वॉर्डाच्या दाराला कडी आहे का, हे बघावं लागत नाही. आपल्यात म्हण आहे, बैल गेला अन् झोपा केला. आपण त्याच्याही पुढे गेलो. बैल गेला, आपण त्याचा फोटो लावला, हार घातला, आणि गोठ्याला झोपा अजून लावलाच नाही.

काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही. २००९ साली एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं. राज्यानं फोर्स वन उभारलं. चांगलंच झालं. पण हे सगळे येणार ते फोन गेल्यावर. फोन जाऊन ते पोचेपर्यंतची पाच, दहा, वीस मिनिटं कुणाची? ती सिस्टरची, आयाबाईची, वॉर्डबॉयची आणि गेटवरच्या कंत्राटी गार्डची. या चौघांना काय शिकवलंय, एवढाच माझा प्रश्न आहे.

बरं, हे एकदाच घडलं असंही नाही. १९९२ च्या सप्टेंबरात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टोळीयुद्धातले मारेकरी वॉर्डात घुसले, एका जखमी गुंडाला मारलं आणि पहाऱ्यावरचे दोन पोलीसही गेले. म्हणजे पहारा होता, तरी झालं. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या जीटीबी रुग्णालयात मारेकऱ्यांनी वॉर्डात शिरून भलत्याच रुग्णाला गोळ्या घातल्या. तो बिचारा पोटाच्या दुखण्यासाठी आला होता. जुलै २०२५ मध्ये पाटण्याच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात पाच जण पिस्तुलं घेऊन चालत आत गेले, पॅरोलवरच्या एका कैद्याला खोलीत मारलं आणि बाहेर पडले. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसतं. कॅमेऱ्यानं चित्र काढलं, अडवलं कुणालाच नाही.

आपल्याकडे उपाय म्हटला की कायदा, कॅमेरा आणि गार्ड. २०१० साली राज्यात डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा झाला. अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. तरी २०१७ साली धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात जमावानं एका तरुण डॉक्टरला एवढं मारलं की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याचं आर. जी. कर प्रकरण झालं आणि सर्वोच्च न्यायालयाला कार्यदल नेमावं लागलं. कायदा हवाच. पण तो घटना घडून गेल्यावर कामाला येतो. दार घटनेच्या वेळी कामाला येतं.

अमेरिकेत अशा प्रसंगी लोकांना सांगतात: पळा, लपा, आणि दोन्ही जमलं नाही तर लढा. ऑफिसात ठीक आहे. पण सलाईन लावलेला माणूस पळणार कसा? ऑपरेशन टेबलावर पोट उघडं असलेल्याला सोडून डॉक्टर लपणार कुठे? म्हणून तिथल्याच काही डॉक्टरांनी २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिलं की रुग्णालयातल्या अशा जागांसाठी वेगळा मंत्र हवा. जागा आतून बंद करा, रुग्णाचा जीव सांभाळत राहा, आणि अगदीच गत्यंतर नसेल तर लढा. हे वाचून मी थक्क झालो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कामाच्या सिस्टरांनी दहा वर्षं आधी करून दाखवल्या होत्या! आपल्या घरचा धडा आपण पाठ केला नाही.

"पाठ" हा शब्द मुद्दाम वापरला. आमच्या पिढीनं पावकी-निमकी घोकली. झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर यायचं. भीतीनं डोकं बंद पडतं तेव्हा फक्त घोकलेलंच आठवतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची रुग्णालय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ पासून आहेत, त्यात आराखडा आणि सराव दोन्ही सांगितलेत. पण आराखडा कपाटातल्या फायलीत असून भागत नाही. तो रात्रपाळीच्या आयाबाईच्या डोक्यात असायला हवा.

काही जण म्हणतील, दारं बंद करायची सवय लागली तर आग लागल्यावर काय? प्रश्न रास्त आहे. भंडाऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये दहा कोवळी बाळं गेली, ते कोण विसरेल? म्हणून तर कडी आतून हवी, आणि आतल्या माणसाला एका हातानं उघडता यावी. मागच्या जिन्याला बाहेरून कुलूप घालणं म्हणजे सुरक्षा नव्हे. तो सापळा आहे.

दुसरे म्हणतील, गुरुजी, आपल्या झरीत कुठला अतिरेकी येतोय? नाही येणार, देव करो नि न येवो. पण झरीतून पेशंट हलवला की तो जातो परभणीच्या सिव्हिलला. तिथे आता २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, रात्रपाळीला आपल्याच नातींच्या वयाची मुलं-मुली असतात. पेशंट दगावला की चाळीस जणांचा जमाव यायला बंदूक लागत नाही. तिथेही तीच कडी कामाला येते.

आणि मंडळी, थोडं आपल्याकडेही बघू या. पेशंट एक आणि भेटायला दहा! गार्डनं अडवलं की "ओळखत नाहीस का मला?" असं कोण विचारतं? आपणच ना? ज्या गेटवर आपला रुबाब चालतो, त्या गेटवर मारेकऱ्याचाही चालतो.

माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक वॉर्डाला आतून लागणारं मजबूत दार. स्पीकरवर सांगायचा एक ठरलेला शब्द, जो ऐकताच सगळे जण दारं लावतील. इमारतीचा आणि मागच्या गेटाचा नकाशा जवळच्या पोलीस ठाण्यात. कैदी रुग्णांची वेगळी सोय. आणि वर्षातून दोनदा सराव, तोही रात्रपाळीसकट आणि कंत्राटी माणसांसकट. यातलं एकही काम पैशावाचून अडेल असं मला वाटत नाही. अडतं ते मनावर न घेतल्यामुळे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाला भेटायला हॉस्पिटलात गेलात, तर एकट्यानं जा, आणि वॉर्डाच्या दाराकडे एकदा बघून या. कडी आहे का? लागते का? नसेल तर डीनसाहेबांना किंवा सिव्हिल सर्जनना दोन ओळींचं पत्र लिहा. मी परभणीला लिहिलंय. तुमच्या गावचं काय दिसलं, ते जरूर कळवा.