रायडर कोण?

रविवारी पहाटे बेंगळुरूहून नंदी बेट्टाकडे निघालेला बुलेटचा ताफा दिसला की आपण त्याला रायडिंग संस्कृती म्हणतो. त्यावर लेख येतात, छायाचित्रं येतात, स्वातंत्र्याचे गोडवे गायले जातात. पण सोमवारी भर पावसात, पाठीवर चौकोनी थैली अडकवून सिल्क बोर्ड चौकात ताटकळणारा पोरगा? तोही रायडरच. शब्द एक, माणसं दोन. संस्कृती मात्र पहिल्याचीच!

खरी शर्यत तर दुसराच धावतो. झटपट कोथिंबीर पोचवण्याचं वचन कंपनी देते, जीव याचा पणाला लागतो. शर्यतीच्या ट्रॅकवर निदान रुग्णवाहिका उभी असते, अपघात झाला तर लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवतात. याची शर्यत कोण थांबवणार?

कंपन्या त्याला ‘पार्टनर’ म्हणतात. मी अनुवादक, तिथे ‘भागीदार’ लिहायला लेखणी धजत नाही. आपल्याकडे याहून नेमके शब्द होते. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर, स्वतःचा घोडा आणी तो शिलेदार. आणि शिलेदाराला पगार जास्त असे. या पोराची गाडी बहुधा स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, हप्ताही स्वतःचाच. खर्च शिलेदाराचा, मान बारगिराचाही नाही.

कर्नाटकाने 2025 मध्ये या कामगारांसाठी कायदा केला; त्यांना मिळणाऱ्या मोबदल्यावर 1 ते 5 टक्के कल्याण शुल्क कंपन्यांनी भरावं, अशी तरतूद केली. कायद्याला तो दिसला. मोटरसायकलीवर भरभरून लिहिणाऱ्या आपल्याला कधी दिसणार?