पहिल्या पदकानंतर

आपल्या मुरुममध्ये कोलांटउड्या मारणाऱ्या मुलांची कमतरता नाही. नांगरलेल्या रानात, शाळेच्या मैदानावर, जागा मिळेल तिथे ती उलटी होतात. घरचे ओरडतात, ‘हातपाय मोडून घेशील!’ ती भीती खोटी नाही. पण या उड्यांतून पुढे काय घडू शकते, हेही घरात माहीत असावे. म्हणून या महिन्यात आम्ही आशिषकुमार या जिम्नॅस्टविषयी लिहीत आहोत.

आशिषकुमार अलाहाबादचा, म्हणजे आताच्या प्रयागराजचा. ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने फ्लोअरवर कांस्य आणि व्हॉल्टमध्ये रौप्यपदक मिळवले. या स्पर्धेत जिम्नॅस्टिक्समधली भारताची ही पहिलीच पदके. पुढच्याच महिन्यात चीनमध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने फ्लोअरवर पुन्हा कांस्य जिंकले. 2011 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला.

फ्लोअर म्हणजे 12 बाय 12 मीटरचा चौक, वर गादी आणि खाली स्प्रिंगा. उतरताना पाऊल जरा सरकले तरी गुण जातात. व्हॉल्टमध्ये जास्तीत जास्त 25 मीटर धावत येऊन 135 सेंटिमीटर उंच टेबलावर हात टेकून झेप घ्यायची असते. हे साधनांशिवाय आणि प्रशिक्षकाशिवाय शिकता येत नाही.

अशा पदकांनंतर खेळाला बळ मिळायला हवे होते. झाले उलटे. जिम्नॅस्टिक्स महासंघातले वाद वाढले, केंद्र सरकारची मान्यता गेली, ती 2021 मध्ये परत मिळाली. पदाधिकारी पुढेही भांडू शकतात. खेळाडूची ताकदीची वर्षे मात्र परत येत नाहीत.

मोठ्यांच्या हेळसांडीची किंमत मुले मोजतात, ही गोष्ट दिल्लीपुरती नाही. आपल्या गावात स्प्रिंगांचा चौक येणार नाही, हे आम्हाला कळते. पण मल्लखांब आपल्या महाराष्ट्राचाच. त्याला लागतो एक खांब, खाली गाद्या आणि शिकवणारा माणूस. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत पालकांनी एवढी मागणी जरूर करावी. तोवर मुलांना कठीण जमिनीवर उलट्या उड्या मारू देऊ नका. मानेची दुखापत आयुष्यभराची ठरू शकते.

मुलाला ‘उडू नको’ म्हणणे सोपे आहे. त्याच्यासाठी गादी अंथरणे आपले काम आहे.