एक्स्प्लेनर : ‘आवडीवर वाद नको’ ही लॅटिन म्हण भिगवणच्या ताटाला लागू, मग उजनीच्या पाण्याला का नाही?

भिगवणच्या हॉटेलात एकाच टेबलावर एकाला चिलापी फ्राय हवी असते, दुसऱ्याला मरळ आणि तिसरा पिठलं-भाकरी मागवतो. यात बरोबर कोण, हा प्रश्नच गैरलागू आहे. मराठीत आपण ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ म्हणतो आणि जेवायला लागतो. लॅटिनमध्येही अशी तीन वचनं प्रसिद्ध आहेत. वरवर ती सारखी वाटतात, पण तिन्हींचं काम वेगळं आहे.

पहिलं वचन : चवीचं

‘दे गुस्तिबुस नोन एस्त दिस्पुतान्दुम’ म्हणजे चवींवर वाद घालू नये. यातल्या ‘गुस्तुस’चा मूळ अर्थच चव. माझ्या जिभेला काय रुचतं, हे तुम्ही पुरावा देऊन खोडू शकत नाही. त्यामुळे ताटात काय असावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. शेजारच्याच्या ताटावरून त्याची लायकी ठरवणाऱ्यांनी ही म्हण जरूर पाठ करावी.

दुसरं वचन : मतांचं

‘क्वोत होमिनेस, तोत सेन्तेन्तिआए’ म्हणजे जितकी माणसं तितकी मतं. रोमन नाटककार टेरेन्सच्या ‘फोर्मिओ’ या इ.स.पू. 161 मधल्या नाटकामुळे हे वचन रूढ झालं. त्यात मुलानं परस्पर केलेल्या लग्नाचं काय करावं, असं एक म्हातारा तीन सल्लागारांना विचारतो. एक म्हणतो लग्न मोडता येईल, दुसरा म्हणतो नाही, तिसरा म्हणतो अजून विचार करावा लागेल. म्हातारा आधीपेक्षा जास्त गोंधळतो. थोडक्यात, मतं अनेक असणं स्वाभाविक आहे, पण त्यानं प्रश्न सुटत नाही.

तिसरं वचन : हक्काचं

‘सुउम कुइक्वे’ म्हणजे ज्याचं त्याला. आज ते ‘ज्याची त्याची आवड’ अशा अर्थानंही वापरलं जातं. पण रोमन कायद्यात ते न्यायाचं तत्त्व होतं. इ.स. 533 मध्ये आलेल्या सम्राट जस्टिनियनच्या कायदेग्रंथांत, प्रत्येकाला त्याच्या हक्काचं देणं म्हणजे न्याय, असं मांडलं आहे.

भिगवणशी संबंध काय?

2021 मध्ये उजनीतून इंदापूरला 5 टीएमसी पाणी देण्याच्या आदेशावरून सोलापूर जिल्ह्यात आंदोलन पेटलं आणि सरकारला तो आदेश रद्द करावा लागला. पुण्याकडून धरणात येणारं सांडपाणीच उचलणार, हे इंदापूरचं म्हणणं होतं. आमच्या वाट्याला कात्री लागेल, ही सोलापूरची भीती होती.

इथे ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून हात झटकता येत नाहीत. सुमारे 117 टीएमसी क्षमतेच्या या धरणात किती पाणी येतं, किती मंजूर आहे आणि किती उचललं जातं, हे मोजता येतं. जलाशयात येणारं पाणी किती दूषित आहे, हेही तपासता येतं. ज्याच्या शेतात पाणी पोहोचत नाही किंवा ज्याच्या जाळ्यात मासळी कमी येते, त्याची तक्रार म्हणजे आवडनिवड नव्हे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘ज्याचं त्याचं’ म्हणून चर्चा थांबवली, तर एकच विचारा : विषय चवीचा आहे, मताचा की वाट्याचा? चव असेल तर सोडून द्या. मत असेल तर आकडे मागा. आणि वाटा असेल, तर वाद घालायलाच हवा.