अंक आधीं कीं वस्तु आधीं?

गणित कठीण आहे असें जो तो म्हणतो; तें कठीण कोणी केलें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यास होडी लागली म्हणजे काय चालतें तें पाहावें. बोंबील एकीकडे, मांदेली दुसरीकडे, कोळंबी तिसरीकडे, अशी निवड होते. मग कोळीण बाजारांत सारखे वाटे मांडते. आईजवळ बसलेलें चार वर्षांचें पोर हें सर्व पाहात असतें. निवड म्हणजे वर्गीकरण आणि सारखे वाटे म्हणजे भागाकारच होय. घरचा म्हातारा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. अष्टमीस सहाच्या सुमारास. अशा घरचें मूल शाळेंत ‘गणितांत ढ’ ठरतें, तेव्हां दोष मुलाचा कीं शिकवणुकीचा?

कित्येक बालवर्गांत तीन-चार वर्षांच्या मुलाकडून १ ते १०० अंक गिरवून घेतात, आणि भरलेली वही पाहून आईबाप संतुष्ट होतात. परंतु शंभरापर्यंत घोकणाऱ्या त्याच मुलास सात शिंपले मोजून मागा. पुष्कळदां तें अडखळतें. अंक हें संख्येचें चिन्ह आहे, संख्या नव्हे.

त्यांतून आपल्या संख्यानामांची अडचण आहे. पंचवीस म्हणतांना पांच आधीं, लिहितांना दोन आधीं. एकोणतिसांत तर वजाबाकीच दडलेली. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत रूढ नांवांच्या जोडीस ‘वीस एक’ अशी रीत दिली, तेव्हां थट्टेचें वादळ उठलें. मंगला नारळीकर ह्या विदुषींनीं हेतु समजावून सांगितला, पण ऐकणारे थोडेच निघाले. आमचीं संख्यानामें आम्हांसहि प्रिय आहेत, तीं टाकावीं असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि अडचण दाखविणाऱ्यास भाषाद्रोही ठरविल्यानें ती नाहींशी होत नाहीं. काड्यांच्या दहा-दहांच्या दोन जुड्या व पांच सुट्या काड्या मुलाच्या हातीं द्या. मग पंचवीस हा शब्द त्यास कोडें वाटणार नाहीं.

ह्यांत नवें कांहींच नाहीं. आज ज्यास पालघर जिल्हा म्हणतात त्याच भूमींत, बोर्डीस, १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्राचें काम आरंभिलें. पुढें तें कोसबाडास गेलें. मुलें शाळेकडे येत नाहींत म्हणून शाळा पाड्याच्या अंगणांत गेली. माँटेसरीबाईंचें तत्त्व त्यांनीं घेतलें, महाग साधनें घेतलीं नाहींत. खडे, बिया, पानें हींच साधनें झालीं. १९७५ पासून सरकारच्या योजनेनें अंगणवाडी देशभर पोहोंचली, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणानेंहि तीन ते आठ वर्षांच्या मुलांस खेळांतून शिकवावें असें सांगितलें. पण आहार, लसीकरण व नोंदी ह्यांतच जिचा दिवस सरतो, त्या सेविकेनें मुलांशीं खेळावें तरी केव्हां?

म्हणून सरकारानें सेविकेस शिकविण्याचा वेळ व शिक्षण दोन्हीं द्यावीं. आणि आईबापांनीं ‘आज किती पानें लिहिलींस?’ ह्याऐवजीं ‘आज काय मोजलेंस?’ असें मुलास विचारावें. ज्यास हिशेब येत नाहीं त्याची मेहनत दुसऱ्याच्या वहींत जमा होते. समुद्रावर जीव धोक्यांत घालणाऱ्यांच्या मुलांवर ही पाळी येऊं देणें राष्ट्रास शोभत नाहीं.